कच्चा माल स्वस्त झाला तरी प्लास्टिक शीटचे दर का उतरत नाहीत, आणि कोणते शीट घ्यावे?

आपण विचारले आहे की, प्लास्टिकच्या दाण्याचे (ज्यापासून शीट बनते त्या कच्च्या मालाचे) भाव उतरल्याचे ऐकू येत असताना शीट घेण्यासाठी थांबावे का, आणि ६५ अंश सेल्सिअसच्या सौम्य आम्लाची टाकी व यंत्राचे पारदर्शक कव्हर यांसाठी कोणते साहित्य निवडावे. अनेक वर्षे शीट कापण्या-जोडण्याचे काम केलेल्या माणसाच्या अनुभवातून उत्तर देतो.

दाण्याचा भाव केवळ कच्च्या तेलावर ठरत नाही. टाक्यांसाठी वापरले जाणारे पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक प्रॉपिलीन वायूपासून होते, आणि तो वायू कच्च्या तेलातून निघणाऱ्या नाफ्थ्यापासून किंवा प्रोपेन वायूपासून मिळतो; पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकच्या वजनात मात्र सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते व ते मिठाच्या पाण्यातून वीज सोडून काढले जाते, त्यामुळे तिथे विजेचा दरही महत्त्वाचा ठरतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमधील कडाक्याच्या थंडीने कारखाने बंद पडले आणि भाव कडाडले. ती टंचाई तेलाची नव्हती, चालू कारखान्यांची होती. शिवाय शीट बनवणाऱ्याकडे आधी महाग घेतलेला दाणा शिल्लक असतो, म्हणून उतार आपल्यापर्यंत उशिरा पोहोचतो. काम अडलेले असेल तर थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याहून मोठी चूक किलोच्या भावांची तुलना करण्यात होते, आणि ती मीही केली आहे. शीट किलोने विकत घेतले तरी वापरले जाते क्षेत्रफळाने. ५ मि.मी. जाडीच्या एक चौरस मीटर पीव्हीसीचे वजन सुमारे ७ किलो भरते, तर तेवढ्याच पॉलिप्रॉपिलीनचे सुमारे साडेचार किलो. पॉलिप्रॉपिलीन अधिक लवचिक असते हे खरे; परंतु ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने सुमारे साडेसहा मि.मी. जाडी घेतली की दोन्ही जवळजवळ सारखी ताठ होतात, आणि तरीही वजन ६ किलोंच्या आतच राहते. म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा किलोचा भाव काहीसा जास्त असला तरी टाकी महाग पडेलच असे नाही.

आपल्या टाकीच्या बाबतीत तर हिशेबाआधीच निर्णय होतो, कारण पीव्हीसी ६० अंशांच्या वर सतत वापरू नये. पॉलिप्रॉपिलीन घ्यावे, मात्र आम्ल तीव्र नायट्रिकसारखे ऑक्सिडीकारक (प्लास्टिकचे ऑक्सिडीकरण करून ते खराब करणारे) नसल्याची खात्री करावी. सांधे वेल्डिंगनेच करावेत, चिकटद्रव्य या पृष्ठभागावर टिकत नाही. आणि उष्णतेने भिंती फुगतात म्हणून बाहेरून आडव्या पट्ट्यांचा आधार द्यावा.

कव्हरसाठी अॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट ही दोन पारदर्शक प्लास्टिके आहेत. अॅक्रिलिक दिसायला सुंदर असते व त्यावर ओरखडेही कमी पडतात, पण धक्का बसणार असेल तर पॉलिकार्बोनेटच घ्यावे. मी बसवलेले एक अॅक्रिलिकचे कव्हर अल्कोहोलने पुसल्यामुळे भोकांभोवती बारीक तड्यांनी भरून गेले होते. पॉलिकार्बोनेटलाही अनेक द्रावके चालत नाहीत, तेव्हा पुसण्यासाठी सौम्य साबणाचे पाणी वापरावे. कव्हर उन्हात राहणार असेल तर अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर कोणत्या बाजूला आहे ते संरक्षक फिल्म काढण्यापूर्वीच पाहून ठेवावे आणि ती बाजू बाहेर ठेवावी. तापमानात ४० अंशांचा फरक पडल्यास एक मीटर लांबीत जवळजवळ ३ मि.मी. फरक पडतो, म्हणून भोके बोल्टपेक्षा मोठी ठेवावीत आणि बोल्ट करकचून आवळू नयेत.