चुकीचं दिसलं तर बोलायचंच नाही का?

"चुकीचं दिसत असताना गप्प बसणं म्हणजे पापाला साथ दिल्यासारखंच की!" ख्रिस्ती घरांतल्या आया, सासवा, मंडळीतली वडीलधारी माणसं मला हे सारखं विचारतात. बेळगावच्या एका काकूंची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

लंडन मिशननं १८२० मध्ये बेळगावात काम सुरू केलं, त्या काळापासून आमचं घराणं ख्रिस्ती, हे काकूंनी बसल्या बसल्याच सांगितलं. शुक्रवारचा उपास, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला, चोख, उपासनेला पहिला बाक. तक्रार मुलाची. उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, रविवारी ओव्हरटाइम घेतो, कधीमधी पितो आणि हल्ली रात्री दहाच्या आत घरी येत नाही.

"दहाच का?"

"साडेनऊला घरची प्रार्थना असते."

प्रार्थनेत काय म्हणता, असं विचारलं. त्यांनी डोळे मिटून म्हणून दाखवलं, "हे प्रभू, या घरात काहींना तुझ्या मंदिराची वाट जड झालीय. बाटली गोड लागतेय. त्यांचं मन फिरव."

नाव देवाचं, पण ऐकवायचं होतं समोर बसलेल्या मुलाला. आई देवाशी बोलत असताना त्यानं उलट उत्तर तरी कसं द्यायचं? सून मान खाली घालून आमेन म्हणायची, नातू बापाच्या तोंडाकडे बघायचा. हा प्रकार मी बऱ्याच घरांत पाहिलाय. मला तो दारूइतकाच घातक वाटतो.

लूकच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायात येशूची एक गोष्ट आहे: परूशी, म्हणजे धर्म काटेकोर पाळणारा यहुदी, आणि जकातदार, म्हणजे लोकांनी पापी ठरवलेला करवसुलीवाला, दोघं मंदिरात प्रार्थना करतात. ती काकूंना तोंडपाठ. मी विचारलं, परूशी खोटं काय बोलला? जरा थांबून म्हणाल्या, "काहीच नाही." खरंच नाही. यहुद्यांच्या नियमशास्त्रानं लावून दिलेला उपास वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी. हा आठवड्यातून दोनदा करायचा. चुकला तो 'या जकातदारासारखा मी नाही' म्हणाला तिथं. देवापुढे उभा, आणि नजर शेजारच्यावर. जकातदार फक्त स्वतःविषयी बोलला, तेही एका वाक्यात.

"मग त्याला पिऊ द्यायचं?" काकू तडकल्या.

मुळीच नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात (१८:१५) येशूनं रीत घालून दिलीय: चुकणाऱ्याकडे जा, दोघंच असताना सांग. म्हणजे बोलायचंच, पण सुनेसमोर नाही, नातवासमोर नाही आणि देवाच्या आडून तर नाहीच. घरच्या प्रार्थनेत काही दिवस फक्त आपलं मागा, मुलासाठी मागायचं ते दार लावून मागा, असं मी सुचवलं.

हेच त्यांना जड गेलं. "माझं तसं काही चुकत नाही हो ताई," अगदी मनापासून म्हणाल्या. 'मी पापी, मी नीच' असं घोकायला मी कुणालाच सांगत नाही. त्यातही माणूस स्वतःचं कौतुक करून घेतो. घडलेली एकच गोष्ट देवापुढे ठेवायची. मी विचारलं, सुनेशी शेवटचं गोड कधी बोललात? काकूंचे डोळे भरले.

पुढे एका रात्री, सुनेला माहेरावरून टाकून बोलले होते, हे त्यांनी प्रार्थनेत सगळ्यांसमोर कबूल केलं. मुलाला नंतर बायकोकडून कळलं. आता तो कधीकधी साडेनऊला घरी असतो. पिणं सुटलेलं नाही. त्यावर काकू त्याच्याशी एकदा एकट्यानं बोलल्यात, आणि पुढच्या भेटीला तो स्वतः यायला तयार झालाय.