तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं : आईस्क्रीमच्या काड्या वाकवताना तुटतात

प्रश्न : ताई, यंदा गणपतीचं मखर आईस्क्रीमच्या काड्यांचं करायचं ठरवलंय, 2018 ला थर्माकोल बंद झालं तेव्हापासून दरवर्षी पुठ्ठाच वापरतोय. कमान दोन फूट रुंद हवीये. काड्या रात्रभर पाण्यात ठेवल्या, सकाळी वाकवायला घेतल्या तर कटाकट तुटल्या, एक पाकीट वाया गेलं. शिवाय मुलीला त्याच काड्यांचं कडं करायचंय. कोणी म्हणतं पाण्यात व्हिनेगर घाला. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, पाकीट वाया गेलं तरी हिरमुसू नका, तुमच्या कमानीला काड्या फारशा वाकवायच्याच नाहीयेत! हिशोब बघा, दोन फुटी अर्धगोल म्हणजे साधारण 96 सेंमीची कड, आणि साधी काडी साडेअकरा सेंमीची, म्हणजे एका थराला आठ-नऊ काड्या पुरतात आणि प्रत्येक काडीला मधोमध जेमतेम अर्धा सेंमी बाक लागतो. एवढ्या बाकाला उकळायची पण गरज नाही. कढत पाण्यात तासभर ठेवा, मग दोन फुटांपेक्षा थोड्या लहान, म्हणजे पन्नासेक सेंमीच्या परातीच्या किंवा टबाच्या बाहेरच्या कडेला कपड्यांच्या चिमट्यांनी धरून वाळू द्या. लहान यासाठी की सोडल्यावर काडी थोडी उघडतेच. पूर्ण वाळल्यावर दोन थर फेविकॉलने चिकटवा, खालच्या थराचा जोड वरच्या काडीच्या मधोमध येऊ द्या, नाहीतर कमान जोडावरच मोडते. ओल्या काडीवर फेविकॉल नीट धरत नाही, आणि श्रावण-भाद्रपदात काडी वाळायला दोन दिवस लागतात, तेव्हा आदल्या रात्रीवर ठेवू नका प्लीज.

कड्याची गोष्ट वेगळी. सहा सेंमी रुंद पेल्यात मावेल एवढं गोल वळवायचं म्हणजे बाहेरची बाजू खूप ताणली जाते, लाकडाला ते गार पाण्यात झेपतच नाही. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं जे लिग्निन असतं ते ओलावा आणि उष्णता दोन्ही मिळाल्यावरच मऊ पडतं, तुमच्या रात्रभर भिजवण्यात उष्णता राहून गेली. व्हिनेगरची गरज नाही, काम पाणी आणि आच करतात. व्हिएन्नाच्या थोनेट या फर्निचर कंपनीच्या कारखान्यात 1859 पासून जी 14 नंबरची प्रसिद्ध खुर्ची बनायला लागली तिची बीच नावाच्या झाडाची लाकडं पण अशीच वाफेवर मऊ करून वाकवायचे, आणि बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी लावायचे म्हणजे ती बाजू फाटत नाही.

कड्यासाठी मेडिकलमध्ये डॉक्टर जीभ बघायला वापरतात ती रुंद काडी घ्या, ती 15 सेंमीची असते त्यामुळे कडं पाऊण गोल होतं आणि हात आत जायला फट राहते. निवडताना काडी उजेडात धरून रेषा बघा, रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात, तिरक्या होऊन कडेला संपत असतील तर ती काडी तिथेच तुटणार, बाजूला ठेवा. हे मी खूप महत्त्वाचं मानते, निम्मं काम निवडण्यातच आहे. मग उघड्या पातेल्यात अर्धा ते पाऊण तास उकळा. कुकरमध्ये नको, तुकडा शिट्टीच्या भोकात अडकला तर पंचाईत. चिमट्याने एकेक काढा, लगेच रुमालात धरून मधल्या भागापासून दोन्ही टोकांकडे हळूहळू दाबत जा, खरबरीत किंवा डागाची बाजू आत ठेवा. कुरकुर ऐकू आली की थांबा, परत पाण्यात टाका. वळली की पेल्याच्या आत बसवून दोन दिवस वाळवा. उकळायचं आणि वाकवायचं मोठ्यांनी, रंगवायचं मुलीने. रंगीत काड्या घेऊ नका, उकळताना रंग पाण्यात उतरतो.

आणि एकसंध, बिनजोडाची कमान हवी असेल तर काड्यांच्या नादाला न लागता बुरुडाकडून ओल्या बांबूची कामटी आणा, आकाशकंदिलाला वापरतात तसली, ती दोन फुटांचा अर्धगोल सहज घेते, त्यावर काड्यांची नक्षी चिकटवा.