टर्बो पोकर टूर्नामेंटच्या मधल्या टप्प्यात चांगल्या पानांची वाट बघावी की १५-२० बिग ब्लाइंडवरच ऑल-इन जावं (सगळ्या चिप्स लावाव्या)?

वाट बघू नका. माझा एक मित्र अजूनही "पेशन्स ठेव" म्हणतो म्हणून हे लिहितोय.

झालं असं, ऑनलाइन टर्बो (ब्लाइंड पटापट वाढणारी टूर्नामेंट) चालू होती, माझ्याकडे ८००० चिप्स, ब्लाइंड (दर डावाला दोघांनी लावायचीच लहान-मोठी पैज) २००/४००, म्हणजे २० बीबी, मोठ्या ब्लाइंडच्या वीसपट, आणि हा मित्र शेजारी खुर्ची टाकून बसलेला. बटणवर (डीलरच्या जागेवर) राजा-दश्शी आली, माझ्या आधीच्या सगळ्यांनी फोल्ड करून पानं टाकली, मी रेज करायला, म्हणजे पैज वाढवायला गेलो तर हा "थांब रे, पानं येतील". थांबलो. एका फेरीचे ब्लाइंड नि अँटी (ब्लाइंडशिवायच्या सक्तीच्या चिप्स) मिळून १००० गेले, तोवर लेव्हल ३००/६००, अजून एक फेरी, १५०० गेले. राहिले ५५००, आणि ब्लाइंड ४००/८००. सातसुद्धा बीबी नाहीत! आणि मग आल्या, राण्यांची जोडी. ऑल-इन गेलो, बिग ब्लाइंडवाल्याने गुलाम-सत्तीवर कॉल केला (त्याचंही बरोबर, त्याला अजून ४७००च टाकायचे होते), राण्या टिकल्या, झाले १२,२००. हा टाळ्या पिटतोय, "बघ, आली ना पानं!" अरे पण १२,२०० म्हणजे १५ बीबी! जोडी येऊन, डबल होऊनही मी सुरुवातीपेक्षा गरीब. पुढची लेव्हल लागली तर १२च. बबलच्या (बक्षिसं सुरू होण्याच्या उंबरठ्याच्या) आधीच बाहेर.

१० बीबीचा हिशोब बघा. अँटी धरून पॉटमध्ये (मधल्या ढिगात) अडीच बीबी आधीच पडलेले असतात. बटणवरून ऑल-इन गेलात, सगळे फोल्ड झाले की स्टॅक (तुमच्या एकूण चिप्स) चौथाईने वाढला. बिग ब्लाइंडने कॉल केला आणि तुमचा चान्स ३५ टक्केच असला तरी सरासरी अडीचच बीबी जातात. म्हणजे निम्म्या वेळा फोल्ड मिळाले तरी तोटा नाही, मग पान एक्का-राजाच हवं असं कोणी सांगितलं? आणि १२ बीबीवर चौकीची जोडी घेऊन नुसता कॉल करून फ्लॉप (टेबलवरची पहिली तीन पानं) बघणारे तर मला कळतच नाहीत, सेट (जोडीला तिसरं तसंच पान) साधारण साडेआठ वेळांतून एकदा लागतो, एवढं थांबायला पैसे कुठायत.

हां, हे सगळं तुमच्या आधी कोणी पॉटमध्ये आलं नसेल तेव्हाचं. दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करायचा तर पान बरंच तगडं लागतं, तिथे माझा मित्र बरोबर आहे, पण त्याला सांगू नका. बबल अगदी तोंडावर असेल आणि टेबलवर तुमच्याहून बारके दोन-तीन स्टॅक असतील तर थोडं आवरा. आणि पूर्ण २० बीबी असताना थेट ऑल-इन नको, दोन-सव्वादोन बीबीचा रेज पुरतो, ऑल-इन साधारण १२च्या खाली आल्यावर.

२५च्या वर कसं खेळायचं ते दुसऱ्या कोणाला विचारा, टर्बोत मी तिथे फार वेळ नसतोच.