गोळी नंतर, आधी धूळ

प्रश्न : माझे पती जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवण्याच्या कामावर आहेत. मुलगा अडीच वर्षांचा आहे. त्याला भूक लागत नाही, सारखा चिडतो, पोट धरून रडतो. बोलायलाही उशिरा लागला. तपासणीत रक्तातलं शिसं २२ आलं. हे किती वाईट? कुणी म्हणतं औषध देऊन धातू काढून टाका, कुणी ‘डिटॉक्स’ची पावडर सुचवतं. मी चार महिन्यांची गरोदर आहे. पोटातल्या बाळालाही त्रास होईल का?

उत्तर : ताई, आधी आकड्याचं बघू. २२ म्हणजे एक डेसिलिटर रक्तात २२ मायक्रोग्रॅम शिसं. ५ किंवा त्याहून जास्त निघालं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखालचं शिसं सुरक्षित आहे असंही ती म्हणत नाही. तेव्हा ‘थोडंसं वाढलंय’ अशी तुमची समजूत मी घालणार नाही. मात्र रक्त बोटाला टोचून घेतलं असेल, तर शिरेतून घेऊन पुन्हा तपासा. बोटावर शिशाची धूळ असली की आकडा फुगतो.

मला तुमच्या पत्रातलं पहिलंच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. डॉक्टर झाल्यावर सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक कामगार पोटदुखीसाठी तीनदा आला. तिन्ही वेळा मी त्याला पित्ताच्या गोळ्या दिल्या. चौथ्यांदा आला तेव्हा हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ दिसली आणि मग विचारलं, काम काय करता? तोही बॅटऱ्याच फोडत होता. त्याची दोन मुलं घरी होती, त्यांची चौकशी करायला मला आणखी एक महिना लागला. तो महिना मी विसरलेले नाही. म्हणून तुम्हाला सांगते, यजमानांचं आणि तुमचंही रक्त याच आठवड्यात तपासून घ्या.

शिसं घरात येतं ते शर्टाच्या शिवणीतून, केसांतून, बुटांच्या तळव्यांवरून, मोबाइलवरून. बाबा आले की मूल धावत जाऊन पायांना बिलगतं, मग जमिनीवर खेळतं आणि तीच बोटं तोंडात घालतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा अंगात शोषला जातो. लहान मुलाच्या बाबतीत जवळजवळ निम्मा. लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर त्याहूनही जास्त. म्हणून मुलाचं हिमोग्लोबिन आणि लोह तपासा, कमी असेल तर ते भरून काढा. त्याला उपाशीपोटी ठेवू नका, रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं.

यजमानांनी कामावरच केसांवरून अंघोळ करून, कपडे आणि बूट बदलूनच घरी यावं. कामाचे कपडे घरच्या धुण्यात कधीही मिसळू नका. घरात कोरडा झाडू नको, त्याने धूळ उडते आणि पुन्हा बसते. ओल्या फडक्याने पुसा. गरोदर आहात, तर हे पुसणं दुसऱ्या कुणीतरी करावं. अंघोळीची सोय आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी मालकाने द्यायलाच हवी, ती मागताना संकोच नको. आणि भट्टीचं काम घराच्या आवारात होत असेल, तर नुसतं पुसून भागणार नाही. भट्टी हलवा, नाहीतर मुलाला तिथून हलवा.

आता औषधाचं. धातू बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं आहेत आणि ४५ किंवा त्याहून जास्त पातळी असलेल्या मुलांना ती रुग्णालयाच्या देखरेखीखाली द्यावीच लागतात. पण २० ते ४४ पातळीच्या ७८० लहान मुलांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. औषधाने रक्तातलं शिसं उतरलं, पण बुद्धी आणि वागणुकीच्या चाचण्यांत औषध न मिळालेल्या मुलांपेक्षा काही फरक पडला नाही. तुमचा मुलगा याच गटात बसतो. शिवाय घरात धूळ तशीच असेल, तर एकीकडून काढायचं आणि दुसरीकडून भरायचं. डिटॉक्सच्या पावडरीला हातही लावू नका. अशा काही ‘शक्तिवर्धक’ औषधांतच शिसं आणि पारा सापडलेला आहे.

पोटातल्या बाळाचं खरं ते सांगते. शिसं वारेतून बाळापर्यंत जातं. विष वार अडवते, असा डॉक्टरांचाही एके काळी समज होता. जपानच्या मिनामाता इथे तो खोटा ठरला : १९५६ मध्ये तिथला आजार उघडकीला आला, आणि पुढे कळलं की पाऱ्याने दूषित मासे खाल्लेल्या, स्वतः फारसा त्रास नसलेल्या आयांची बाळंही मेंदूला इजा घेऊन जन्मली होती. शिशाचं आणखी एक आहे. शरीर त्याला कॅल्शियमसारखं वागवतं, वर्षानुवर्षं हाडांत साठवतं, आणि गरोदरपणी हाडातून कॅल्शियम निघालं की तेही निघतं. तुमचा रिपोर्ट आला की प्रसूतितज्ज्ञांना दाखवा आणि कॅल्शियम किती घ्यायचं ते त्यांच्याकडून ठरवून घ्या.

मुलाचं रक्त महिन्याभरात पुन्हा तपासा. शिसं येणं थांबलं की आकडा उतरायला लागतो, पण सावकाश. बोलण्यासाठी त्याला आत्ताच वाचातज्ज्ञांकडे न्या, आकडा उतरायची वाट पाहू नका. त्याच्याशी बोला, खेळा, चित्रं दाखवून गोष्टी सांगा. वाढत्या मेंदूला याचा आधार मिळतो. आणि ताई, यात तुमचा दोष नाही.

प्रश्न : आमच्या विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. उकळून प्यायलं तर चालेल का?

उत्तर : नाही. उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जागेवरच राहतं. उलट पाण्याची वाफ झाली की उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. त्याला रंग, वास, चव काहीच नसल्याने गाळून किंवा चाखून कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एका लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. तुमच्या रिपोर्टमधला आकडा त्याच्या वर असेल, तर पिण्याला आणि स्वयंपाकाला दुसरीकडचं तपासलेलं पाणी वापरा. कपडे-भांडी धुवायला विहिरीचं चालेल.