प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : कॉलेजचा अंक काढताना

कॉलेजचे वार्षिक अंक, भित्तिपत्रकं आणि विद्यार्थ्यांची बातमीपत्रं यांबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमचा वार्षिक अंक दरवर्षी रखडतो. तो हातात येईपर्यंत शेवटच्या वर्षाची मुलं कॉलेज सोडून गेलेली असतात. यंदा मी विद्यार्थी-संपादक आहे. सुरुवात कुठून करू?

प्रकाशनाची तारीख आधी पक्की करा आणि तिथून उलटं मोजत या. ९६ पानांच्या आसपासचा अंक असेल तर छपाई-बांधणीला दोन आठवडे धरा. मांडणी आणि प्रुफांना चार, संपादनाला तीन. म्हणजे लेख घेणं प्रकाशनाच्या नऊ आठवडे आधी थांबलं पाहिजे. बहुतेक संपादक मंडळं ही तारीख महिनाभरच आधी ठेवतात, मग घाई होते ती प्रुफांच्या वेळी, आणि चुका तिथेच राहतात.

कथा-कवितांमुळे अंक क्वचितच अडतो. अडतो तो विभागांच्या अहवालांमुळे आणि मान्यवरांच्या मनोगतांमुळे. अहवालासाठी विभागांना कोरं पान देऊ नका, छापील नमुना द्या: कार्यक्रम, तारीख, पाहुणे, सहभागी विद्यार्थी, बक्षिसं, मर्यादा २५० शब्द. मनोगतांवर प्रेसमधला जुना उपाय आहे. सुरुवातीची पानं, म्हणजे मनोगतं, संपादकीय आणि अनुक्रमणिका, वेगळ्या फॉर्ममध्ये (मोठ्या कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचात) घ्या, त्यांना वेगळे पानक्रमांक द्या आणि तो फॉर्म सर्वांत शेवटी छापा. मनोगत आठवडाभर उशिरा आलं तरी बाकीचा अंक छापून तयार असतो.

पानांचा आकडा मनाने ठरवू नका. मोठ्या कागदावर एकदम ८ किंवा १६ पानं छापून तो घडी घालतात, त्यामुळे ९६ पानं सोयीची आणि ९८ महागडी. मध्ये पिन मारायची असेल तर एकूण पानांना ४ ने भाग जायलाच हवा, आणि ही बांधणी साधारण ६४ पानांपर्यंतच नीट बसते. त्यापुढे गोंदाची बांधणी घ्या, पण मग आतल्या बाजूचा समास वाढवा, नाहीतर ओळींची टोकं खाचेत जातात. पानं ठरली की साध्या कागदांची घडी घालून डमी करा आणि कोणत्या पानावर काय येणार ते पेन्सिलीने लिहा. ए-४ आकाराच्या दोन स्तंभी पानावर, चित्र नसेल तर, मराठीचे साधारण ४५० ते ५०० शब्द बसतात. दोन पानं राखीव ठेवा, ती भरायला कोणी ना कोणी येतंच.

प्रुफं तीन. पहिलं दोघांनी मिळून: एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रुफावर डोळा ठेवायचा. दुसऱ्या प्रुफात सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्या का आणि दुरुस्ती करताना शेजारची ओळ बिघडली का, एवढंच पाहा. तिसरं प्रूफ मजकुरासाठी नसतंच. त्यात पानक्रमांक, अनुक्रमणिका, शीर्षकं, फोटोओळी. माणसांच्या नावांची मात्र स्वतंत्र फेरी करा. बक्षीसपात्र विद्यार्थ्यांची यादी कार्यालयातल्या यादीशी एकेक नाव लावून तपासा. अंक हाती आल्यावर प्रत्येक जण आधी स्वतःचं नाव शोधतो.

व्हॉट्सॲपवर आलेले लेख मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले की अक्षरं बिघडतात. फोटोही छापल्यावर फुटतात.

पहिला दोष फॉन्टचा. लेख युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकावरच्या आजच्या प्रमाण पद्धतीत, टाइप झालेला असतो आणि डीटीपीवाले बऱ्याच ठिकाणी अजून जुने फॉन्ट वापरतात. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात, म्हणून मजकूर कन्व्हर्टरमधून काढावा लागतो. कन्व्हर्टर चुकतो त्या जागा ठरलेल्या आहेत: रफार, पहिली वेलांटी जोडाक्षरावर आली तर, ॲ आणि ऑ, अवतरणचिन्हं, आणि मराठी वाक्यात आलेला इंग्रजी शब्द किंवा ईमेल पत्ता, ज्याचं पुरतं कडबोळं होतं. सर्वांत फसवा प्रकार रफार आणि ऱ्य यांच्या अदलाबदलीचा. ‘आचार्यांचा सत्कार’ छापायचं असतं आणि ‘आचाऱ्यांचा सत्कार’ छापलं जातं. दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे स्पेलचेकर गप्प बसतो. रूपांतर झाल्यावर ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ असलेले शब्द डोळ्यांनीच तपासा. फाइलमध्ये शोध घेऊन भागत नाही, कारण ‘ऱ्य’ दोन पद्धतींनी टाइप होतो आणि दिसायला सारखा असला तरी एकाच्या शोधात दुसरा सापडत नाही. शक्य असेल तर मांडणीच युनिकोड फॉन्टमध्ये करायला सांगा. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

फोटोचं गणित सोपं आहे. छपाईला दर इंचाला ३०० पिक्सेल लागतात. ४ इंच रुंद छापायचा फोटो किमान १,२०० पिक्सेल रुंद हवा, आणि ए-४ चं पूर्ण पान भरायचं तर २,४८० बाय ३,५०८. चॅटमध्ये फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, तेव्हा तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा किंवा सामायिक ड्राइव्हवर टाकायला सांगा. लहान फोटो संगणकावर ताणून मोठा केला की पिक्सेल वाढतात, तपशील वाढत नाही. आणखी एक: कागदाच्या कडेपर्यंत जाणारं चित्र चारही बाजूंनी ३ मिमी जास्त ठेवा, नाहीतर कटिंगमध्ये पांढरी रेघ राहते.

वसतिगृहातल्या पाण्याच्या तक्रारींवर बातमी लिहिली आहे. मार्गदर्शक शिक्षक म्हणतात, ‘कॉलेजची बदनामी होईल, काढून टाका.’ काय करावं?

भांडण्याआधी बातमी हातात घेऊन तपासा. ‘पाणी कधीच येत नाही’ हे वाक्य टिकणार नाही. ‘या आठवड्यात सोमवार आणि गुरुवारी सकाळी ७ ते ९ दुसऱ्या मजल्यावर पाणी नव्हतं’ हे टिकतं, जर एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांनी ते सांगितलं असेल किंवा तक्रारवहीत नोंद असेल. त्या पानाचा फोटो काढून ठेवा. स्वतःच्या गटात गूगल फॉर्म फिरवला असेल तर ‘८० टक्के विद्यार्थी नाराज’ असं लिहू नका. ‘उत्तर देणाऱ्या ५० जणांपैकी ४०’ असं लिहा. फॉर्म भरतो तो बहुधा तक्रार असलेलाच.

मग व्यवस्थापनाला लेखी प्रश्न पाठवा. तीन-चारच, नेमके: बिघाड कधी कळला, दुरुस्ती कोणाकडे दिली, कधीपर्यंत होणार. उत्तरासाठी दोन कामाचे दिवस द्या आणि ती मुदत पत्रातच लिहा. उत्तर आलं तर बातमीत वरच्या भागात घ्या, शेवटच्या ओळीत ढकलू नका. नाही आलं तर प्रश्न कोणत्या तारखेला पाठवले, तेवढं नोंदवा. बऱ्याचदा या टप्प्यावरच शिक्षकांचा विरोध मावळतो, कारण त्यांची भीती एकतर्फी मजकुराची असते. तरीही नकार असेल तर नेमकं कोणतं वाक्य चुकीचं आहे ते दाखवायला सांगा. चूक दाखवली तर सुधारा. ‘विषयच नको’ असं उत्तर आलं, तर प्रश्न बातमीचा राहत नाही, अंतिम निर्णय कोणाचा याचा होतो. तो वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्यायचा असतो. ऐन अंकाच्या तोंडावर ती चर्चा विद्यार्थी बहुधा हरतात.

तक्रार करणाऱ्याचं नाव द्यायचं नसेल तर नाव गाळणं पुरेसं नाही. ‘तृतीय वर्ष भौतिकशास्त्राची, दुसऱ्या मजल्यावर राहणारी’ एवढ्यावरून ती ओळखू येते. नाव संपादकाला ठाऊक हवं, छापलेलं नको.

आमच्या ऑडिओ कार्यक्रमात आवाज घुमतो. चांगला माइक घ्यावा का?

आधी खोली बदला. उघड्या भिंतींच्या वर्गात महागडा माइकही घुमतोच. पडदे, गाद्या किंवा भरलेली पुस्तकांची कपाटं असलेली छोटी खोली शोधा. माइक तोंडापासून एक वीत, किंचित बाजूला, म्हणजे प, फ, भ यांचा फटका बसत नाही. रेकॉर्डिंगच्या मीटरवर मोठ्यात मोठ्या आवाजाची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. दोन वक्ते असतील तर दोन फोनवर वेगवेगळं रेकॉर्ड करा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा; नंतर दोन्ही ट्रॅक त्या टाळीवर जुळवता येतात. पंख्याची एकसुरी घरघर पुढे बरीच कमी करता येते, घुमणं जवळपास नाहीच.

मी शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या मंडळाकडे काय सोपवून जाऊ?

मांडणीच्या मूळ फाइली फॉन्टसह (नुसती पीडीएफ पुढच्यांच्या कामाची नाही), प्रेसचं कोटेशन, प्रत्यक्षात कोणत्या दिवशी काय झालं ते दाखवणारं वेळापत्रक, आणि फोटो कोणी काढले याची यादी. त्याहून महत्त्वाची खाती. अंकाचा ईमेल आणि समाजमाध्यमांची खाती एखाद्या विद्यार्थ्याच्या खासगी नंबरवर उघडलेली असतात. तो पास होऊन गेला की ओटीपी त्याच्याच फोनवर जात राहतो आणि नव्या मंडळाला नवं खातं काढून शून्यापासून वाचक जमवावे लागतात. निकाल लागण्याआधी नव्या संपादकाला शेजारी बसवून रिकव्हरी क्रमांक बदला, आणि त्याच्या फोनवरून एकदा लॉगिन करून बघा.