औषध मारूनही मेंढ्यांना गोचीड परत का होतात? (इंदापूर, जि. पुणे)

अंगावरचे मेले तरी वाड्यातले जिवंत राहतात. मादी रक्त पिऊन टम्म फुगली की गळून पडते आणि भिंतीच्या फटीत, दगडाखाली हजारो अंडी घालते. म्हणून कळप आणि वाडा एकाच दिवशी फवारा. 1.25 टक्के डेल्टामेथ्रिन, लिटरभर पाण्याला 2 मिली. लोकर कातरल्यावर जखमा भरू द्या, मग ऊन असताना मारा, आधी मेंढ्यांना पोटभर पाणी पाजून. तहानेली मेंढी अंगावरचं औषधच चाटते. कानामागे, शेपटीखाली, जांघेत हातमोजे घालून चोळा, नुसता फवारा तिथे पोचत नाही. 15 दिवसांनी पुन्हा, नाहीतर अंड्यांतून निघालेली पिल्लं चढतात.

लोकर झडून खपल्या धरल्या असतील तर ती खरूज. तिला आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कातडीखाली, वजन बघून, पशुवैद्यकाकडूनच.