स्पिनर फिरत नाही, नुसता गुणगुणतो. काय बिघडलं असेल? (सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन)

आवाज येतोय म्हणजे मोटरला वीज पोचतेय; टायमर आणि झाकणाचा स्विच बहुतेक ठीक आहेत. प्लग काढून मागचा पत्रा उघडा. स्पिनरचं झाकण बंद ठेवूनच मोटरवरची चकती हाताने फिरवा, कारण झाकण उघडं असलं की ब्रेक लागलेला असतो. जड लागली तर ब्रेकची तार ढिली झालीय किंवा भांड्याखाली कापड अडकलंय. आमच्याकडे बाळाचं टोपडं निघालं, पार काळं पडलेलं! चकती सहज फिरली तर संशय कपॅसिटरवर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणाऱ्या भागावर. नवा घेताना जुन्यावरचे मायक्रोफॅरडचे (µF) आकडे तंतोतंत जुळवा. मात्र त्याच्या टोकांना हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज उरतो. तेवढं काम इलेक्ट्रिशियनलाच करू द्या.